घरची तागडी आणि खव्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरीं तागडी असते. पण ती बहुधा आढ्यास टांगलेली असते. माल विकण्याच्या दिवशींसुद्धां ती खालीं उतरत नाहीं, कारण त्या दिवशीं काटा व्यापाऱ्याचा असतो. दूध, चारा, सरपण, जनावर यांपैकीं कशाचेंही वजन घरांत आल्याबरोबर आपण करीत नाहीं. वर्षअखेर जोडधंद्यांत खोट आली कीं व्यापाऱ्याच्या मापांत पाप आहे असें म्हणून आपण मोकळे होतों. हा आरोप केव्हां केव्हां खरा असतो. आमच्या घरीं मात्र तो खोटा ठरला, आणि तो कसा खोटा ठरला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

धाराशिव जिल्ह्यांत भूम व वाशी या बाजूंस खव्याचा धंदा पुष्कळ घरीं चालतो. कुंथलगिरीचा पेढा ज्यानें खाल्ला आहे त्यास या मुलुखाच्या खव्याची ओळख करून देणें नको. पाऊस बेताचा, बागायत थोडी, मोठी शहरें दूर. अशा ठिकाणीं दुधापेक्षां खवा बाहेरगांवीं पाठविणें सोयीचें पडतें, कारण तो वजनास हलका व दुधापेक्षां अधिक टिकणारा.

आमच्या घरीं स्वतःच्या म्हशींचें व शेजारच्या वस्तीवरचें मिळून रोज ४० लिटर दूध भट्टीस लागत असे. म्हशीच्या १०० किलो दुधांत साधारण २२ किलो खवा पडतो. एक लिटर दूध सुमारें १.०३ किलो भरतें. म्हणजे ४० लिटरांचे ४१.२ किलो, व त्याचा खवा ९ किलोंच्या किंचित् वर निघावयास पाहिजे. व्यापारी मात्र रोज सकाळीं ८.६ किलोंच्या आसपास वजन सांगे. रोज साडेचारशें ग्रॅम कोठें जातात, याबद्दल घरांत एकमत होतें. तें काय होतें हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. अखेर व्यापाऱ्याची चोरी उघडकीस आणावी याच हेतूनें आम्हीं मुद्रा मारलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला.

अकरा दिवस दूध आल्याबरोबर, खवा उतरल्याबरोबर व सकाळीं व्यापाऱ्याच्या हवालीं करण्यापूर्वीं, असें तीन वेळां वजन केलें. पहिल्याच दिवशीं उलगडा होऊं लागला. मापानें ४० लिटर घेतलेलें दूध रिकाम्या भांड्याचा धडा करून तोललें, तों ३९.६ किलोच भरलें. ताज्या धारेच्या दुधास फेंस असतो. माप फेंसानें भरत होतें आणि आम्ही त्याला दूध समजत होतों. दीड किलोंहून अधिक दूध मुळांत आलेंच नव्हतें, आणि तेवढ्याचा खवा सुमारें ३५० ग्रॅम होतो. राहिलेली तूट रात्रींची. संध्याकाळीं उतरलेला गरम खवा फडक्याखालीं ठेवला कीं सकाळपर्यंत त्यांतील कांहीं पाणी उडून जाई. ती घट कधीं ८० ग्रॅम, कधीं शंभर. व्यापाऱ्याचा आंकडा आमच्या काट्याशीं जुळत होता. त्या गृहस्थाविषयीं आम्ही घरांत जें जें बोललों होतों तें त्याच्या कानीं गेलें नव्हतें, एवढेंच आमचें नशीब.

यानंतर शेजाऱ्यांचें दूध वजनावर घेण्याचें ठरलें, आणि तेथें खरी अडचण आली. लिटरला ६० रुपये दर असेल, तर हिशेबानें किलोला ५८ रुपये २५ पैसे होतात. त्या दरानें ३९.६ किलोंचे सुमारें २,३०७ रुपये होत. पूर्वीं त्याच दुधाचे २,४०० मिळत. शेजाऱ्यानें तरी मापांत लबाडी केली नव्हती. फेंस ही म्हशीची देणगी! तेव्हां किलोलाच ६० रुपये द्यावयाचे ठरले. त्यास २,३७६ मिळूं लागले, आणि आमच्या हिशेबांतलें दूध खरें झालें. काटा नवा आला कीं दरही नव्यानें बोलावा लागतो; नाहींतर काट्याच्या खरेपणाचा भार एकट्या गरिबावर पडतो.

काट्यानें आणखी एक गोष्ट दाखविली, आणि माझ्या मतें तीच अधिक मोलाची. दुधाचें वजन तेंच असतां खवा कधीं ८.७ किलो तर कधीं ८.१ किलो उतरे. ३९.६ किलो दुधांतील घन भाग ६.१ किलो धरला, तर खव्यांत शेंकडा ३० पाणी राहिल्यास ८.७ किलो, व शेंकडा २५ राहिल्यास ८.१ किलो खवा होतो. म्हणजे कढई थोडा वेळ अधिक आंचेवर राहिली कीं अर्ध्या किलोंहून जास्त माल वाफ होऊन गेला, वर सरपण जळलें तें निराळें. उलट, वजनाच्या लोभानें खवा ओला उतरविला तर तो लवकर आंबतो व त्याला बुरा येतो. कढई केव्हां उतरावी हें भट्टीवरच्या बाईच्या डोळ्यास कळतें, हें खरें. पण रोजचें वजन तिला सांगितल्यापासून तो डोळा अधिक स्थिर झाला. वहींत दूध, लांकूड, रात्रींचा खवा व सकाळचा खवा, एवढे चार रकाने पुरतात.

शेळ्या पाळणाऱ्यांसही हेंच लागू. आमच्या भागांतील काळी उस्मानाबादी शेळी बाजारांत अजून नजरेनें विकली जाते. पाला खाऊन पाणी प्यालेलें जनावर एकदोन किलो सहज अधिक भरतें. म्हणून वजन नेहमीं सकाळीं, चारण्यापूर्वीं करावें. जंताचें औषध वजनावर द्यावयाचें असतें. अंदाजानें कमी दिलें तर जंत मरत नाहींत आणि पुढें त्या औषधास दाद देत नाहींत.

आतां काट्याविषयीं. काट्याच्या पट्टीवर कमाल व किमान वजन आणि ‘ई’ हें अक्षर लिहिलेलें असतें. ‘ई’ म्हणजे त्याची पडताळणीची पायरी. दुकानीं मिळणाऱ्या मध्यम वर्गाच्या, ३० किलोंच्या काट्याची ‘ई’ ५ ग्रॅम असेल, तर त्याचें किमान वजन वीसपट, म्हणजे १०० ग्रॅम. पेढ्यांत घालावयाची तोळाभर वेलची त्यावर तोलूं नये. अशा काट्यास अडीच ते दहा किलोंपर्यंत पडताळणीच्या वेळीं ५ ग्रॅम, व वापरांत असतां १० ग्रॅम चूक चालते. तेव्हां नऊ किलो खव्यांत आपल्या व व्यापाऱ्याच्या काट्यांत २० ग्रॅमांपर्यंत अंतर पडलें तरी कोणी चोर ठरत नाहीं. आम्हांस हें आधीं ठाऊक असतें तर पहिल्या दिवशींची एक हुज्जत टळली असती.

काटा सपाट जागीं, वाऱ्याबाहेर ठेवावा; भट्टीच्या उंबऱ्यांत नव्हे. मुद्रेचें एक लोखंडी वजन घरीं असावें आणि तें काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून आंकडा तोच येतो कीं नाहीं हें आठवड्यास पाहावें. जुनी दांडीची तागडी वापरणाऱ्यांनीं माल व वजन यांची पारडीं बदलून पुन्हां तोलावें. एकदां १०.१ व एकदां ९.९ आलें, तर दांडीच्या भुजा असमान आहेत व खरें वजन सुमारें १० आहे. पारड्याखालीं खडा बांधून पासंग काढल्यानें हा दोष जात नाहीं. रिकामीं पारडीं तेवढीं सारखीं दिसतात.

सरकारनें मापांवर नजर ठेवावी ही कल्पना नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्यासाठीं पौतवाध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे, आणि दर चार महिन्यांनीं मापें तपासून घेण्यास सांगितलें आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व १९५८ च्या आक्टोबरांत त्यांचा वापर सुरू झाला. तोंपर्यंत शेर व पायली गांवोगांव निराळी असे. सध्यां २००९ चा वैधमापन कायदा लागू असून तो १ एप्रिल २०११ पासून अंमलांत आहे. त्याखालील नियमांप्रमाणें व्यापारांत वापरावयाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनीं, आणि दांडीची तागडी व वजनें यांची दर २४ महिन्यांनीं करून घ्यावी लागते. शेजाऱ्याचें दूध विकत घेणें हाही व्यापारच आहे. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मुद्रेची तारीख लिहून ठेविली आहे, आणि दूध घालणाऱ्यांपैकीं कोणीही ती वही मागून पाहूं शकतो.