फरकाच्या भरवशावर सोफा घेऊ नकोस!

अगं, रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हाच कळलं, बाईसाहेबांची झोप उडालीय. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी आठव्या वेतन आयोगाचा तक्ता टाकला, आणि तू कॅल्क्युलेटर घेऊन बसलीस. ठेव तो बाजूला.

खरं सांगू का, त्या गुणाकारात गोम आहे. सातव्या आयोगात मूळ पगाराला गुणायचा आकडा २.५७ होता. ऐकायला केवढा मोठा! पण बघ, सगळ्यांत खालच्या पायरीचा मूळ पगार तेव्हा ग्रेड पे धरून ७,००० होता आणि त्यावर महागाई भत्ता १२५ टक्के. म्हणजे १५,७५० आधीच मिळत होते. नवा बेसिक झाला १८,००० आणि डीए गेला शून्यावर. वाढ किती, तर सव्वादोन हजार! चौदा टक्क्यांच्या जरा वर. उद्या कुठलाही आकडा आला तरी गुणून आलेल्या रकमेतून आजचा बेसिक आणि डीए वजा कर. उरेल तेवढीच खरी वाढ.

आणि घाई कसली? न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाईंच्या आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली, अहवालाला मुदत अठरा महिन्यांची. तोही केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. अहवाल येईपर्यंत ग्रुपवरचा प्रत्येक आकडा हा कुणाचा तरी अंदाज, आणि आपल्या राज्याचा निर्णय त्याच्याही नंतर. मागच्या वेळी १ जानेवारी २०१६ पासून लागू झालं म्हणाले, पण वाढीव पगार हातात पडला २०१९ मध्ये. तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत, तोही आम्हा जुन्या पेन्शनवाल्यांचा थेट भविष्य निर्वाह निधीत. मी शहाणी तोवर फरकाच्या भरवशावर सोफा बुक करून मोकळी झाले होते. आमच्याकडे त्या सोफ्याला अजून ‘सातवा आयोग’ म्हणतात.

त्यापेक्षा एक काम कर. आस्थापनेत जाऊन तुझं सेवापुस्तक माग. लाजू नकोस गं, तुझंच आहे ते. दरवर्षीची वेतनवाढ चढलीय का, बाळंतपणाच्या रजेची नोंद आहे का, वेतन पडताळणी पथकाचा शिक्का कुठवर आहे, सगळं बघ. लग्नानंतर नाव बदललंस, राजपत्रात आलंही, पण पुस्तकात? नॉमिनेशनमध्ये अजून बाबांचंच नाव असेल, पैज लाव. दहा वर्षं पुरी होत आली असतील तर आश्वासित प्रगतीचा पहिला लाभ आणि गोपनीय अहवाल यांचीही चौकशी करून ठेव. नवीन वेतननिश्चिती याच कागदांवरून होते, आणि तेव्हा सगळं ऑफिस एकदम त्या एका टेबलाभोवती गर्दी करतं.

विकल्पाचा फॉर्म येईल तेव्हा मात्र शेजारणीचं बघून भरू नकोस. नवीन वेतन ठरलेल्या तारखेपासून घ्यायचं की पुढच्या वेतनवाढीपासून, हे प्रत्येकीचं वेगळं असतं आणि एकदा दिलेला विकल्प सहसा बदलता येत नाही. दोन्ही प्रकारे मांडून बघ. सोबत हमीपत्रही असतं, जादा रक्कम दिली गेली तर परत करीन असं. सही करण्याआधी वाच. पुढे वसुली निघाली की हाच कागद समोर ठेवतात.

पेन्शनचं विचारलंस. तिथे तुला फुकटचा धीर देणार नाही. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले, तू नंतर. मार्च २०२३ मध्ये तुम्ही जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केलात तो उगाच नव्हता. पण एनपीएसमध्ये आहेस तोवर निदान तुझ्या प्राण खात्यात दर महिन्याला तुझे दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के पडतायत ना, एवढं तपास. एखादा महिना रिकामा दिसला तर लेखी अर्ज दे, तोंडी नको, आणि पोच घे.

येत्या शनिवारी सेवापुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन ये. पोहे करते, एकेक पान मिळून बघू. आणि भावजींना सांग, गाडीचं बुकिंग आत्ता नाही म्हणजे नाही.