नावानिशी

अगं, परवा फोनवर तू मध्येच म्हणालीस, "जाऊ दे ताई, मी काय लहान आहे का कौतुकासाठी रडायला?" आणि विषय बदललास. मुलं जागी होती, म्हणून मीही ताणलं नाही. पण तुझं ते "जाऊ दे" माझ्या मनातून जात नाहीये. तीन आठवडे जागून तू तो अहवाल केलास. आकडे त्या नवीन मुलीने जमवले, बाकी सगळं तुझं. आणि मीटिंगमध्ये साहेबांनी "आमच्या टीमने केलं" म्हणून तो मांडला. तुझं नाव एकदाही निघालं नाही. वाईट वाटणारच गं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, एवढं आधी ऐकून घे.

माझंही एकदा असंच झालं होतं. नोकरीचं तेव्हा तिसरं वर्ष होतं. बालरोग वॉर्ड, नाइट ड्युटी, तीसेक बाळं आणि आम्ही दोघी सिस्टर. पहाटे पावणेतीनला खिडकीजवळच्या खाटेवरच्या सात महिन्यांच्या बाळाकडे लक्ष गेलं. रडत नव्हतं, आईचा डोळा लागला होता. पण बाळाचं पोट उडत होतं. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ६४ भरले. त्या वयाला ५० किंवा त्याहून जास्त भरले की सावध व्हायचं, हे आम्हाला पाठच असतं. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, पुढचे दोन तास त्या खाटेपासून हलले नाही. बाळ तरलं.

सकाळच्या राउंडला मोठे सर आले. केसपेपर वाचला आणि निवासी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वेळेवर पकडलंस हं!" मी हातभर अंतरावर सलाइनचा स्टँड धरून उभी होते. त्या डॉक्टरांचा राग नाही आला, तेही बिचारे रात्रभर धावत होते. पण घशात काहीतरी अडकलं ते अडकलंच. घरी आल्यावर आईने दिलेले पोहे तसेच ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुला वाटलं, माझं पोट बिघडलंय. ओवा घेऊन आली होतीस, आठवतं?

त्या रात्री ड्युटीचा ओव्हर घेताना रिपोर्ट बुक उघडलं. आमच्या परिसेविका शिस्तीच्या फार कडक, कधी गोड बोलल्याचं आठवत नाही. त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवली होती. किती वाजता, कितव्या खाटेवर, श्वास किती आणि हे कोणाच्या लक्षात आलं. पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट. "छान", "उत्तम" असं काहीही नाही. ती ओळ मी तीनदा वाचली. त्यानंतर गुलाबाची फुलं मिळाली, १२ मे च्या परिचारिका दिनाला टाळ्याही मिळाल्या, पण आठवते ती ओळच. नेमकं काय केलं ते कुणीतरी पाहिलं होतं.

पुढे पोस्ट बेसिक नर्सिंगला व्यवस्थापनाचा पेपर होता, त्यात हर्झबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ भेटला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गकडच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं होतं, नोकरीत मन भरून आलं ते केव्हा आणि मन विटलं ते केव्हा? १९५९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मन भरून आल्याच्या आठवणींत दोन गोष्टी सगळ्यांत वर होत्या, काम तडीस जाणं आणि त्याची दखल घेतली जाणं. मला तर वाचूनच धीर आला. पण त्यातच एक मेख होती. कौतुकाचा आनंद लवकर ओसरतो. टिकतो तो कामातल्या रसाचा आणि अंगावर सोपवलेल्या जबाबदारीचा.

म्हणून सांगते, साहेबांकडे नुसती शाबासकी मागू नकोस. या आठवड्यात त्यांना एकटं गाठ. रागात नको, मेल करून तर नकोच. सरळ म्हण, "सर, तो अहवाल मी केलाय. त्यावरची पुढची मीटिंग मला घेऊ द्या." आवाज कापला तरी कापू दे. माझाही कापायचा. नाहीच म्हणाले तर कारण विचार आणि ते लिहून ठेव. आणि महिन्याच्या शेवटी आपण काय केलं ते चार ओळींत त्यांना पाठवत जा. माणसं वाईट नसतात गं, पण विसरतात.

आणखी एक. पगारवाढीच्या वेळी कुणी फार गोड बोलायला लागलं तर विरघळू नकोस. आपल्या देशातल्या दहा लाखांवर आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार मिळाला. ऊर भरून आला होता माझा, कारण त्या उन्हातान्हात कशा फिरतात ते मी पाहिलंय. पण कागदोपत्री त्या अजून 'स्वयंसेविका'च. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशाताई वाढीव मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. मान हवाच, पण पगाराच्या जागी मान नको.

आता एक विचारू? परवाच्या फोनमध्ये त्या आकडे जमवणाऱ्या मुलीचा विषय तीनदा निघाला. तिन्ही वेळा तू "ती नवीन मुलगी" म्हणालीस. रविवारी फोन करशील तेव्हा तिचं नाव सांग मला.