शालेय बागेसाठी रोपांची निवड : उघड्या मुळांची रोपे व पिशवीतील रोपे

शाळेच्या आवारात लावलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळले की पुढील पावसाळ्यात त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते. ज्या मुलाने पहिले रोप लावले होते, त्याच्या मनात मात्र झाड लावणे हा एका दिवसाचा समारंभ होय, अशी समजूत दृढ होते. एका रोपाच्या नाशापेक्षा ही समजूत अधिक हानिकारक आहे. रोपे का मरतात याची कारणे अनेक असली, तरी त्यांतील एक कारण लावणीपूर्वीच घडलेले असते. ते म्हणजे रोपाची चुकीची निवड.

नवी मुंबईच्या परिसरातील शाळांना या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. पुष्कळ भातशेते, मिठागरे व खाजणे भरावाखाली गेली. ज्यांच्या आजोबांनी गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी केली, त्यांतील अनेक नातवंडांच्या हाताला आता चिखल लागतो तो केवळ शाळेच्या बागेत. म्हणून ही बाग नीट जगावी, हे शिक्षकाने आपल्या पाठाचेच कार्य समजावे.

भातलावणीपासून प्रारंभ

पाठाचा प्रारंभ मुलांना वा त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावा. राब भाजून केलेल्या जागेत भाताची रोपे वाढवितात, ती उपटून मुठी बांधतात आणि चिखलात लावतात. मुळांना मातीचा गोळा नसतानाही ती जगतात. हीच उघड्या मुळांची लावणी होय. ती यशस्वी होते, कारण रोप कोवळे असते, आकाश ढगाळ असते, पायाशी पाणी असते आणि भाताला तंतुमुळे असल्यामुळे नवी मुळे लवकर फुटतात. यांपैकी एखादी गोष्ट नसली तर काय होईल, असा प्रश्न वर्गास विचारावा.

त्याचे उत्तर जमाखर्चाच्या दृष्टांताने समजाविता येते. मुळांच्या टोकांजवळ अतिसूक्ष्म मूलरोम असतात. पाणी मुख्यतः तेच शोषून घेतात. रोप उपटताना ते तुटतात. म्हणजे जमा थांबते, परंतु पानांतून बाष्पाच्या रूपाने होणारा खर्च चालूच राहतो. खर्च जमेपेक्षा अधिक झाला की रोप माना टाकते. थंड प्रदेशांत, उदाहरणार्थ हिमाचल प्रदेशात, सफरचंदाची कलमे हिवाळ्यात उघड्या मुळांनीच लावतात. त्या काळात त्यांवर पाने नसल्याने खर्च जवळजवळ थांबलेला असतो. कोकणातील आंबा, फणस व जांभूळ वर्षभर हिरवे असतात. त्यांना तशी विश्रांती नसते. म्हणून तिकडची रीत येथे जशीच्या तशी चालत नाही.

कोणते रोप कसे घ्यावे

सागाचे उदाहरण उद्बोधक आहे. गादीवाफ्यातील सुमारे वर्षाची रोपे खणून काढतात. सोटमूळ सुमारे वीस सेंटिमीटर व खोड दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बाकीचा भाग छाटतात. या काडीस सागजडी म्हणतात. पानेच नसल्यामुळे ती पावसाच्या आरंभी सहज जगते. शिवणही अशाच रीतीने लावता येते. मिरची, वांगी व टोमॅटो यांची चार ते सहा आठवड्यांची रोपे उघड्या मुळांनी लावण्यास हरकत नाही. शेवगा व पांढरा चाफा यांच्या तर फांद्याच लावाव्यात.

याउलट आंबा, फणस, जांभूळ, काजू व बकुळ यांची रोपे पिशवीतीलच घ्यावीत. फणसाला सोटमुळाची इजा विशेष बाधते. दुधी, काकडी व पडवळ यांच्या बिया जागेवरच टोकाव्यात.

जमिनीचाही विचार आवश्यक आहे. मुरुमाच्या भरावात पाणी टिकत नाही व कुजलेला पालापाचोळा जवळजवळ नसतो. जुन्या खाजणावरील भरावाखाली क्षारही असू शकतात. अशा जागी पिशवीतील रोप घेणे अधिक सुरक्षित. तेथे सुमारे साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवावा आणि पावसापूर्वी चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा.

पारख व लावणी

पिशवीतील प्रत्येक रोप चांगलेच असते, असे मात्र नाही. फार दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी वेटोळे घालतात. असे रोप चार महिने पावसाच्या आधारे हिरवे दिसते. परंतु मुळे दूर व खोल न गेल्याने मे महिन्यात, शाळा बंद असताना, वाळून जाते. म्हणून उंच रोपाचा मोह टाळून मध्यम उंचीचे व जाड बुंध्याचे रोप निवडावे. पिशवी फोडून बाहेर आलेली मुळे दिसल्यास ते रोप घेऊ नये.

आदल्या दिवशी पाणी घालावे, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. पिशवी उभी चिरून पूर्णपणे काढावी, तळाची वेटोळी मुळे कापावीत आणि मूळ व खोड यांचा सांधा जमिनीच्या पातळीत ठेवावा. काढलेल्या पिशव्या मुलांकडून मोजून गोळा करवाव्यात. लावलेली रोपे व पिशव्या यांची संख्या समान असली पाहिजे.

उघड्या मुळांची रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावीत, क्षणभरही उन्हात ठेवू नयेत आणि शक्यतो त्याच दिवशी सायंकाळी लावावीत. लावण्यापूर्वी मुळे माती व शेण यांच्या पातळ काल्यात बुडवावीत, काही पाने छाटावीत आणि मुळांभोवती पोकळी राहू नये म्हणून माती घट्ट दाबावी.

वर्गातील प्रयोग

मिरचीची समान वयाची तीन रोपे घ्यावीत. पहिले मातीच्या गोळ्यासह लावावे. दुसऱ्याची मुळे हलकेच धुऊन ते लावावे. तिसऱ्याची मुळे धुऊन व निम्मी पाने छाटून ते लावावे. तिघांना सारखेच पाणी द्यावे. तीन तासांनी, दुसऱ्या दिवशी व आठव्या दिवशी मुलांनी निरीक्षण करून वहीत नोंद करावी. निष्कर्ष शिक्षकाने आधी सांगू नये.

स्वाध्याय

१. भाताचे रोप उपटून लावले तरी जगते. फणसाचे का जगत नाही?

२. सागजडीला पाने नसणे हे तिच्या लाभाचे कसे?

३. आपल्या शाळेच्या आवारातील माती मूळची आहे की भरावाची? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने जपून ठेवावीत. शाळेच्या जागी पूर्वी कोणाचे शेत होते, तेथे काय पिकत असे, हे त्यांतून वर्गास कळेल. लावलेल्या रोपाची नोंद पुढील जून महिन्यात त्याच मुलाने तपासावी. रोप किती लावले यापेक्षा ते पहिला उन्हाळा ओलांडून उभे आहे किंवा नाही, हीच या पाठाची परीक्षा होय.