कल्पित ग्रहावरून परिसराचा पाठ

उंट वाळवंटात राहतो, मासा पाण्यात राहतो, ही वाक्ये मुले सहज पाठ करतात. परंतु त्या प्राण्याच्या शरीराची ठेवण तशीच का, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. उत्तर तयार मिळालेले असल्याने विचार करण्याचे प्रयोजनच उरत नाही. ज्याविषयी मुलांनी काहीच वाचलेले नाही असा प्राणी समोर ठेवला, तर ही अडचण दूर होते.

असा प्राणी एका शिक्षकानेच कल्पिला आहे. हॅरी क्लेमेंट स्टब्ज (१९२२–२००३) हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेत विज्ञान शिकवीत. ‘हॅल क्लेमेंट’ या नावाने त्यांनी लिहिलेली ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ मध्ये मासिकातून क्रमशः व १९५४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीतील मेस्क्लिन हा ग्रह अतिशय थंड असून तेथील समुद्र द्रवरूप मिथेनचे आहेत. तो सुमारे १८ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. जत्रेतील चक्री पाळणा वेगाने फिरू लागला की आसने बाहेर फेकली जातात. त्याचप्रमाणे या गतीमुळे विषुववृत्तावर वस्तूंचे वजन घटते. तरीही तेथे ते पृथ्वीवरील वजनाच्या तिप्पट भरते, आणि कादंबरीतील हिशेबाप्रमाणे ध्रुवाजवळ सुमारे ७०० पट.

पाठाचा आरंभ अंकगणिताने करावा. पृथ्वीवर एक किलो भरणारी वस्तू तेथे विषुववृत्तावर तीन किलो, तर ध्रुवाजवळ सात क्विंटल भरेल, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर विचारावे : अशा ठिकाणी उंच मानेचा प्राणी जगेल काय? दोन पाय पुरतील काय? वीतभर उंचीवरून पडल्यास काय होईल? मुलांची उत्तरे कारणांसह फळ्यावर लिहावीत.

त्यानंतरच लेखकाचे उत्तर सांगावे. मेस्क्लिनचे रहिवासी सुमारे १५ इंच लांब, गोमेसारखे, बहुपाद व जमिनीलगत सरपटणारे आहेत. अल्पशा उंचीचीही त्यांना धास्ती वाटते; वस्तू फेकणे ही कल्पनाच त्यांना अपरिचित आहे. तरीही ते शूर दर्यावर्दी व चतुर व्यापारी आहेत. त्यांचे शरीर व स्वभाव दोन्ही परिसरातून घडले आहेत, हे मुलांच्या ध्यानी येईल.

या ग्रहाची रचना कशी केली, हे स्टब्ज यांनी १९५३ मध्येच एका लेखात उलगडून सांगितले. लेखकाने नियम पाळावेत व वाचकांनी चुका शोधाव्यात, हा त्यांच्या मते या खेळाचाच भाग होता. वर्गातही हीच वृत्ती असावी. सकारण दिलेले चुकीचे उत्तर हे घोकलेल्या बरोबर उत्तराहून अधिक मोलाचे मानावे.

पाठाची समाप्ती मात्र पृथ्वीवर व्हावी. मसाल्यातील दगडफूल मुलांना परिचित असते. ते फूल नसून बुरशी व शैवाल यांचा संयुक्त संसार आहे. त्याच्या जातीचे सजीव खडकावर व झाडाच्या सालीवर वाढतात. उन्हात वाळून निपचित पडतात व ओलावा मिळताच पुन्हा सजीव व्यवहार सुरू करतात. शाळेजवळ अशी वाढ आढळल्यास ती न खरवडता मुलांना दाखवावी आणि मेस्क्लिनविषयी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा : हिची ठेवण अशीच का?