मुक्कामी ट्रेक, निसर्गशिबिरे आणि साथीचे रोग

सह्याद्रीतील भटकंती मोकळ्या हवेत होते, त्यामुळे तेथे साथीच्या रोगांचे भय नाही, हा प्रचलित समज दिवसापुरता बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु दिवसभर धारेवरून मोकळेपणाने चालणारा गट रात्री राजगडावरील पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहांत खांद्याला खांदा लावून झोपतो, एकाच पातेल्यातून वाढून घेतो आणि एकाच टाक्याचे पाणी पितो. संसर्गाचा विचार करायचा तो या मुक्कामाचा, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय गडावर नव्हे तर घरून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. कोविडच्या बाबतीत तो साधारणपणे 2 ते 14 दिवसांचा मानला गेला, आणि लक्षणे दिसण्याच्या आधीही बाधित व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते हे त्या साथीत स्पष्ट झाले. म्हणून बस सुटताना कपाळासमोर तापमापक धरण्याचा उपयोग मर्यादितच असतो. ताप, जुलाब, उलट्या किंवा नवा खोकला असलेल्याने येऊ नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरीही तो मोडला जातो, कारण भरलेले शुल्क बुडण्याची भीती माणसाला आजार लपवायला लावते. आजारपणामुळे न येणाऱ्याचे पैसे परत केले जातील, हे नावनोंदणीच्या वेळीच लिहून देणारा आयोजक अशा लपवाछपवीचे कारणच दूर करतो. हा प्रश्न केवळ गटाच्या सोयीचा नाही. पायथ्याच्या ज्या घरात जेवण सांगितलेले असते तेथे वृद्ध माणसे असतात, प्राथमिक आरोग्य केंद्र अनेकदा कित्येक किलोमीटर दूर असते, आणि 2020 मध्ये अनेक गावांनी आपल्या वेशी बंद केल्या त्यामागे हीच रास्त चिंता होती.

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगांसाठी बंद जीप आणि बंद तंबू ही खरी धोक्याची ठिकाणे होत. साथीच्या काळात प्रवासात मास्क लावावा व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तंबूत क्षमतेपेक्षा कमी माणसे ठेवून हवा खेळती राहू द्यावी, आणि शेजारी झोपणाऱ्यांनी डोकी विरुद्ध दिशांना करावीत. एक तंबू रिकामाच ठेवणे ही उधळपट्टी नव्हे, कारण रात्री कोणाला ताप भरल्यास त्याच्या विलगीकरणासाठी, म्हणजे बाधिताला इतरांपासून वेगळे ठेवण्यासाठी, दुसरी जागा डोंगरावर मिळत नाही. अशा व्यक्तीला एकटे खाली धाडू नये. श्वास घेण्यास त्रास किंवा ग्लानी दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि गडावर नेटवर्क कोठे मिळते हे आधीच पाहून ठेवावे.

शिबिर प्रत्यक्षात कोलमडते ते बहुधा पोटाच्या विकारांनी. कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी नितळ दिसले तरी ते शुद्ध असतेच असे नाही. त्यात कोणी हात धुतलेले असतात, कोणी ताटे विसळलेली असतात. टाक्यात बाटल्या न बुडवता दोरी बांधलेल्या स्वच्छ भांड्याने पाणी शेंदावे, गढूळ असल्यास कापडातून गाळावे आणि खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळण्याची शिफारस आहे, परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटरचे असल्याने राज्यातील सह्याद्रीत हा प्रश्न उद्भवत नाही. क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या असल्या तरी क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही, त्यामुळे इंधन असेल तेथे उकळणेच श्रेयस्कर. प्यायचे पाणी ओगराळ्याने किंवा तोटीतून घ्यावे, आणि बाटलीला तोंड न लावता वरून पिण्याची घरची सवय येथे कटाक्षाने पाळावी.

उलट्या-जुलाबांची झपाट्याने साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला फारसा बधत नाही. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी साबण-पाण्याने किमान 20 सेकंद हात धुण्याला पर्याय नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गडावरही हे पाणी राखून ठेवावे, प्रसंगी भांडी घासण्याचे पाणी कमी करावे लागले तरी चालेल. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्या व्यक्तीने स्वयंपाकाला किंवा वाढण्याला हात लावू नये. शौचासाठी पाण्यापासून किमान 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा. जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येकाच्या पाठपिशवीत असावीत.

प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचे भान मात्र भटक्यांमध्ये कमी आढळते. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला आणि गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप पुढे सिंधुदुर्गातील दोडामार्ग व गोव्यातील सत्तरी या भागांतही आढळला. त्याचा जोर साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे ऐन भटकंतीच्या हंगामात असतो. तेथे अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, कीटकरोधक मलम लावावे, रोज संध्याकाळी अंग तपासावे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला न शिवता वनखात्याला कळवावे. महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाला तोंड देताना शरीराने तयार केलेली प्रथिने, आढळली होती. याचा अर्थ तेथे माणसाला लागण झाली असा होत नाही. परंतु वटवाघळांच्या गुहेत मुक्काम टाळण्यास आणि त्यांनी उष्टावलेली फळे न खाण्यास एवढे कारण पुरेसे आहे. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास उंदीर व गुरांच्या मूत्रातील जंतूंमुळे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून जखम आधी जलरोधक पट्टीने झाकावी.

लेप्टोस्पायरोसिसचा अधिशयन काळ 30 दिवसांपर्यंत असू शकतो. परतल्यानंतर महिनाभरात ताप आल्यास कोणत्या डोंगरात, केव्हा व कोठे मुक्काम केला होता हे डॉक्टरांना त्यांनी न विचारताही सांगावे, आणि अंगावर काळी खपली आढळल्यास तीही दाखवावी, कारण ती स्क्रब टायफस या बारीक किड्यांमार्फत होणाऱ्या तापाची खूण असू शकते. शिबिरप्रमुखाने सर्वांची नावे व दूरध्वनी क्रमांक तेवढा काळ जपून ठेवावेत, आणि एखाद्याचे निदान झाल्यास सहभागींइतक्याच तातडीने पायथ्याच्या यजमान कुटुंबालाही कळवावे.