तुकड्यांच्या ढिगावरून ओळखलेला सुतार



घरी येणारा टीव्हीवरचा माणूस म्हटलं की आपल्याला 'होम मिनिस्टर'मधले आदेश भावोजी आठवतात. ते पैठणी घेऊन यायचे. आजच्या पाठात हातोडी-करवत घेऊन टीव्हीवर आलेल्या दोघांची ओळख करून घेऊ. दोघंही अमेरिकेतले. एवढ्या लांबची गोष्ट बजाजनगरात कशाला, असं वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणी गटातून कर्ज घेऊन पत्रे काढून स्लॅब टाकतायत, कुणी गावाकडं घर बांधतेय. मिस्त्री कसा पारखायचा, हा प्रश्न त्या प्रत्येकीपुढं आहे.

पहिले बॉब विला. जन्म १९४६, आईवडील क्युबा देशातले. शिकले पत्रकारिता, पण पोट भरलं जुनी घरं दुरुस्त करून. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात त्यांनी एक जुनं घर घेऊन नीट केलं आणि १९७८ साली त्या कामाला एका मासिकाचं बक्षीस मिळालं. तेव्हा बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर रसेल मोराश नावाचे निर्माते होते. घर दुरुस्तीचं खरं काम कॅमेऱ्यापुढं दाखवायचं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी विलांना निवेदक केलं. १९७९ साली 'धिस ओल्ड हाऊस', म्हणजे 'हे जुनं घर', हा कार्यक्रम सुरू झाला. वाहिनीनं एक पडीक घर घेतलं आणि ते भागाभागानं दुरुस्त होताना लोकांना दाखवलं.

दुसरे नॉर्म अब्राम. मला जास्त आवडतात ते हे. सुताराचा मुलगा. कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेले, पण वळले परत बांधकामाकडंच, स्वतःची छोटी कंपनीही काढली. मोराश यांनी आपल्या घरामागं एक शेड बांधायचं काम त्यांना दिलं होतं. काम पाहताना मोराश यांच्या नजरेत भरला तो वाया गेलेल्या लाकडाचा ढीग. तो अगदी लहान होता! एवढ्या मोठ्या कामात एवढंसंच लाकूड वाया गेलं, म्हणजे हा माणूस हिशोबानं कापतो, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला कार्यक्रमात घेतलं.

आपल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. ब्लाऊज आधी कापडावर बेतला, बाही कुठं बसते, पट्टी कुठं निघते ते खडूनं आखलं, तर चिंध्या मूठभर निघतात. न बेतता कात्री चालवली की पिशवीभर. लाकडाचं तसंच, विटेचं तसंच. म्हणून मिस्त्री ठरवायचा तर त्याचं तोंड बघू नका, त्याचं चालू असलेलं दुसरं काम बघायला जा. तुटक्या विटांचा ढीग केवढा आहे? सिमेंटची पोती जमिनीवर ओल लागत पडलीत, की फळ्यांवर झाकून ठेवलीत? विटा भिजवून लावतो का? पाणी घातलेला माल तासन्‌तास पडून राहतो आणि मग परत पाणी मारून वापरतो का? पाण्यात कालवल्यावर साधारण अर्ध्या तासात सिमेंट घट्ट व्हायला लागतं, त्यानंतर पुन्हा पाणी मारून ढवळलं तर ताकद जाते. आणि स्लॅबला किमान ७ दिवस पाणी हवंच. उन्हाळ्यात आपल्याकडं टँकरची वाट बघावी लागते, तरी हे पाणी चुकवू नका. आमच्या गटातल्या एकीनं मिस्त्रीच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवला. पाणी दोनच दिवस मारलं. पहिल्याच पावसात छत गळायला लागलं, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला आहेच.

कार्यक्रमात विला घरमालकाच्या वतीनं प्रश्न विचारत आणि अब्राम काम करता करता समजावून सांगत. असं का, तसं का नको, खर्च किती. घर बांधताना आपण बायका हेच विचारायला बिचकतो. "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळतंय" असं कुणी म्हटलं की गप्प बसतो. कळत नाही म्हणूनच विचारायचं ना?

पुढं विलांचा चेहरा घराघरांत पोचला. मग जाहिराती आल्या. जाहिरातींवरून वाद झाला आणि १९८९ साली त्यांना हा कार्यक्रम सोडावा लागला. नंतर त्यांनी 'होम अगेन' नावाचा स्वतःचा कार्यक्रम अनेक वर्षं केला, म्हणजे काम काही थांबलं नाही. अब्राम मात्र तिथंच राहिले. १९८९ मध्येच त्यांचा 'न्यू यांकी वर्कशॉप' हा सुतारकामाचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला, तो २००९ पर्यंत चालला. दर वेळी यंत्र सुरू करायच्या आधी ते डोळ्यांवरच्या संरक्षक चष्म्याची आठवण करून देत. २०२२ साली ते निवृत्त झाले. जुळवाजुळव केली तर ४० वर्षांपेक्षा जास्त काळ हा सुतार टीव्हीवर होता.

आपल्याही गटांत आता मसाल्याचे, पापडाचे व्हिडिओ करणाऱ्या जणी आहेत. ओळख वाढली की एखादा दुकानदार येतो, "ताई, माझ्या मिक्सरबद्दल दोन शब्द बोला" म्हणतो. पैसे घेणं वाईट नाही. पण तो मिक्सर तुमच्या ओट्यावर दोन महिने चाललाय का, हे आधी बघा, आणि पैसे घेतले असतील तर व्हिडिओत तसं सांगा.

पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडं बांधकाम चालू आहे त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणा. घराचा नको, मागच्या बाजूच्या ढिगाचा.