चमचाभर तेलाचा हिशेब

दिवाळीच्या चकल्या तळून झाल्या की कढईच्या तळाशी काळपट तेल उरते. कढई मोरीत उपडी करून वर गरम पाणी ओतले की ते दिसेनासे होते. पण जाते कुठे?

उरणजवळचे द्रोणागिरी घ्या. सिडकोच्या नवी मुंबईचा हा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसला आहे. सपाट जमिनीत गटाराला उतार थोडाच देता येतो, म्हणून पाणी संथ वाहते. त्यात तेल निवते; वनस्पती तूप तर थिजतेच. तेलातून सुटी झालेली मेदाम्ले सिमेंटमधील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साबण बनतो व नळांना आतून चिकटतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता!

अडकले नाही ते तेल खाडीत पोचले तर? हिशेब करू. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, वजनाने सुमारे ४.६ ग्रॅम तेल. १ ग्रॅम तेलाचे पूर्ण विघटन करायला जीवाणूंना सुमारे २.९ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे चमच्याला १३.३ ग्रॅम. ३०° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू विरघळतो तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. भागाकार करा: सुमारे पावणेदोन हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू, एका चमच्यासाठी! खाऱ्या पाण्यात तो आणखी कमी मावतो. हे विघटन एका दिवसात होत नाही आणि हवेतून थोडा प्राणवायू परत मिळतो, हे खरे. पण साचलेल्या पाण्यात तो कमी पडला की बोय, कोलंबी गुदमरतात.

साबण ओतून काही साधत नाही. थेंब बारीक होतात. तेल तेवढेच राहते.

तेव्हा ओशट भांडे धुण्याआधी रद्दी कागदाने पुसा व कागद कचऱ्यात टाका. जास्त तेल उरले असेल तर निवल्यावर गाळून झाकणाच्या डब्यात साठवा. ते पुन्हापुन्हा तळणाला वापरणे मात्र बरे नव्हे: ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून जास्त झालेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम आपल्याकडे २०१८ साली लागू झाला. त्याच वर्षी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असे तेल गोळा करण्याची योजनाही सुरू केली. मिथेनॉल व अल्कली यांच्या साहाय्याने त्याचे जैवडिझेल बनते. एकट्या घराचे तेल थोडे. वसाहतीने एकत्र साठवले तर न्यायला कोणी येईल.

शाळेच्या तराजूवर पुसण्याआधी व नंतर कागदाचे वजन करा. फरकाच्या दर ग्रॅमला ३८५ लिटर पाणी धरून आपल्या घराचा आकडा वहीत लिहा.